कॉलेजला आधी तुमच्याकडून कळू द्या

महाराष्ट्रातल्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर 'वर्तणूक' असा एक रकाना असतो, आणि त्यात जवळजवळ प्रत्येकासाठी 'चांगली' एवढंच लिहिलेलं असतं. बाकावर कर्कटकाने नावं कोरणाराही चांगला आणि हाताची घडी घालून बसणाराही चांगला. पुढे इंजिनिअरिंगला जायचं तर सीईटीचे पर्सेंटाइल आणि कॅप राउंड. बारावीत प्राचार्यांनी दोन दिवस वर्गाबाहेर काढलं होतं का, हे कुठल्याच फॉर्मवर कुणी विचारत नाही. अशा व्यवस्थेत शिकलेले आईवडील आज न्यू जर्सीत, बे एरियात, टेक्सासमध्ये हायस्कूलची मुलं वाढवतायत. जीपीए, एसएटी, एपी, निबंध हे सगळं त्यांना तोंडपाठ असतं. पण एक दिवस दुपारी ऑफिसात असताना असिस्टंट प्रिन्सिपॉलचा फोन येतो, 'तुमच्या मुलाला तीन दिवस सस्पेंड करतोय', आणि मग काय करायचं हे कुणालाच सुचत नाही. घरात दोनच सूर लागतात. एक म्हणतो, संपलं सगळं. दुसरा म्हणतो, काही होत नाही, फक्त कुणाला सांगू नकोस. दोन्ही चुकीचे, आणि दुसरा जास्त महागात पडणारा.

सीनिअर इयरमधल्या शिक्षेने कॉलेज हातचं जातंच असं नाही. सतरा वर्षांचं पोर चुका करतं हे ॲडमिशन ऑफिसात बसलेल्यांना आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं. प्रवेश धोक्यात येतो तो बहुतेक वेळा गोष्ट दडवल्याने, अर्धवट सांगितल्याने, किंवा कॉलेजला ती तिसऱ्याच कुणाकडून कळल्याने. कुणाला गंभीर इजा करणं, शस्त्र, लैंगिक छळ, वंशद्वेष ही प्रकरणं याला अपवाद. तिथे कितीही मोकळेपणाने सांगितलं तरी किंमत मोजावी लागते. पण आपल्या घरांत घडतात त्या गोष्टी सहसा याहून लहान असतात. बाथरूममध्ये व्हेप, प्रॉमच्या रात्री दारू, ग्रुप चॅटवर टाकलेलं हिणकस मीम, केमिस्ट्रीच्या पेपरचा फोटो काढून पुढच्या तासाला परीक्षा असलेल्या मित्राला पाठवणं, चॅटजीपीटीकडून लिहून घेतलेला निबंध.

कोण विचारतं, काय विचारतं

'कॉमन ॲपने तो प्रश्न काढून टाकलाय' हे मंडळाच्या गणपतीत जेवणाच्या रांगेत तुम्ही ऐकलं असेल. ते खरं आहे, पण अर्धंच. या सामाईक अर्जात २००६ पासून एक प्रश्न होता: नववीपासून पुढे अभ्यासातल्या गैरप्रकाराबद्दल किंवा वागणुकीबद्दल तुमच्यावर शाळेने कारवाई केली आहे का? २०२१-२२ च्या अर्जापासून तो सामाईक भागातून गेला. कॉमन ॲपच्याच आकडेवारीत दिसलं होतं, की कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांवर 'हो' लिहिण्याची वेळ गोऱ्या विद्यार्थ्यांच्या दुपटीहून जास्त प्रमाणात येत होती. शिवाय 'हो' लिहिणाऱ्यांपैकी २२ टक्के मुलं अर्ज न पाठवताच सोडून देत होती, इतरांत हेच प्रमाण १२ टक्के होतं. कॉलेजने नाही म्हणायच्या आधीच ही मुलं माघार घेत होती. आपल्या मुलाच्या बाबतीत यातून घ्यायचं ते एवढंच, की शाळांची शिस्त सगळीकडे सारखी नसते, हे कॉलेजांनाही पुरतं माहीत आहे.

मात्र प्रत्येक कॉलेजला आपल्या स्वतंत्र प्रश्नांच्या भागात तोच प्रश्न विचारायची मुभा राहिली, आणि काही कॉलेजं विचारतात. म्हणून ऑगस्टमध्ये कॉलेजांची यादी ॲपमध्ये भरून झाली, की मुलाशेजारी बसा आणि एकेका कॉलेजचा तो भाग उघडून प्रश्नाची शब्दरचना वाचा. घाईने नको. एखादं कॉलेज फक्त सस्पेन्शन आणि एक्स्पल्शन विचारतं, एखादं प्रोबेशनही धरतं, एखाद्याला फक्त अभ्यासातली लबाडी हवी असते, तर एखादं अजून निकाल न लागलेल्या चौकशीबद्दलही विचारतं. डिटेन्शन किंवा शनिवारी शाळेत बसवणं हे बऱ्याच प्रश्नांच्या कक्षेत येतच नाही. विचारलं नसेल तर आपण होऊन कबुलीजबाबाचं पुराण लावायची गरज नाही. विचारलं असेल तर मात्र पूर्ण सांगायचं. एकाच मुलाने एका कॉलेजला 'हो' आणि दुसऱ्याला 'नाही' असं उत्तर देणं यात काही खोटेपणा नाही. प्रश्नच वेगळे आहेत.

कॉलेजपर्यंत बातमी जाण्याचा दुसरा रस्ता काउन्सेलरचा. अर्जासोबत स्कूल रिपोर्ट जातो, पहिलं सेमिस्टर संपल्यावर मिड-इयर रिपोर्ट आणि वर्षअखेरीस शेवटच्या ट्रान्सक्रिप्टबरोबर फायनल रिपोर्ट. कारवाई कळवायची की नाही, याबद्दल शाळाशाळांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. काही पब्लिक स्कूल डिस्ट्रिक्ट शिस्तीची माहिती कॉलेजांना अजिबात देत नाहीत. काही खासगी शाळा तर हँडबुकातच लिहून ठेवतात, की सस्पेन्शन झाल्यावर विद्यार्थ्याने ठरावीक मुदतीत स्वतः सगळ्या कॉलेजांना कळवायचं आणि त्यानंतर शाळाही कळवणार. तुमची शाळा यातली कुठली, हे अंदाजाने ठरवू नका. काउन्सेलरला ईमेल करा आणि तीन गोष्टी विचारा: शाळा कळवते का, कळवत असेल तर इन-स्कूल सस्पेन्शनपासून की फक्त आउट-ऑफ-स्कूलपासून, आणि अर्ज गेल्यानंतर काही घडलं तर कोण, किती दिवसांत कळवतं. फोनवर नको, ईमेलवरच. अमेरिकेतल्या स्कूल काउन्सेलरांची संघटना एका काउन्सेलरमागे अडीचशे विद्यार्थी असावेत असं म्हणते, आणि पुष्कळ शाळांत आकडा त्याहून बराच वर असतो. फोनवर बोललेलं त्या बिचाऱ्या माणसाच्या लक्षात राहायचं नाही.

पहिले दोन दिवस

शाळेत काही झालं की साधारण क्रम असा असतो: मुलाला वर्गातून बोलावतात, डीन किंवा असिस्टंट प्रिन्सिपॉलच्या खोलीत बसवतात, समोर एक कोरा फॉर्म आणि पेन ठेवतात आणि म्हणतात, काय झालं ते तुझ्या शब्दांत लिही. आईवडिलांना फोन पुष्कळदा त्यानंतर जातो. आपली मुलं मोठ्यांसमोर घाबरून दोन टोकांची वागतात. एक तर सगळं नाकारतात, नाही तर स्वतःचं, मित्राचं, मित्राच्या मित्राचं, माहीत असलेलं-नसलेलं सगळं लिहून मोकळी होतात. तो कागद फाइलमध्ये राहतो आणि पुढची प्रत्येक गोष्ट त्याच्याशी ताडून पाहिली जाते. म्हणून वेळ येण्याआधीच मुलांना सांगून ठेवलेलं बरं: खोटं लिहायचं नाही, अंदाज लिहायचे नाहीत, आणि 'मला आईबाबांशी बोलून मग लिहायचंय' असं अदबीने म्हणणं म्हणजे उद्धटपणा नव्हे.

पब्लिक स्कूल असेल तर मुलाला आपली बाजू मांडायचा हक्क आहे, आणि तो शाळेच्या मेहेरबानीवर अवलंबून नाही. १९७५ साली 'गॉस विरुद्ध लोपेझ' या ओहायोतल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की दहा दिवसांपर्यंतच्या सस्पेन्शनमध्येसुद्धा आरोप काय हे विद्यार्थ्याला सांगितलं पाहिजे आणि त्याचं म्हणणं ऐकलं पाहिजे. त्याहून मोठ्या शिक्षेला जास्त रीतसर सुनावणी लागते. पुढचे तपशील राज्याराज्यांत वेगळे. कॅलिफोर्नियात एका प्रकरणात सलग पाच शालेय दिवसांपलीकडे सहसा सस्पेंड करता येत नाही, आणि १ जुलै २०२४ पासून नुसत्या 'उद्धट वागला, ऐकलं नाही' या कारणावरून बारावीपर्यंतच्या कुठल्याच विद्यार्थ्याला सस्पेंड करता येत नाही. न्यू जर्सीत २०११ च्या कायद्यानुसार छळ-दमदाटी-बुलिंगची तक्रार आली, तिथे सगळे 'एचआयबी' म्हणतात ती, तर शाळेला दहा शालेय दिवसांत चौकशी पुरी करावी लागते, आणि निष्कर्ष पटला नाही तर पालक स्कूल बोर्डापुढे सुनावणी मागू शकतात. खासगी शाळेत यातलं काहीच गृहीत धरू नका. तिथे हँडबुक हाच कायदा. तो घरी कुठल्या तरी ड्रॉवरमध्ये न वाचलेला पडलेला असतो.

सस्पेन्शनचं पत्र हातात आलं की त्यात गुन्ह्याचं नाव काय लिहिलंय ते बघा. व्हेप खिशात सापडणं आणि व्हेप दुसऱ्याला देणं या शाळेच्या नियमावलीत दोन वेगळ्या गोष्टी असतात. बाथरूममध्ये मित्राच्या हातात दिलं एवढ्यावरून 'वाटप' अशी नोंद झाली, तर कॉलेजात वाचणाऱ्याला विक्रेता डोळ्यांपुढे उभा राहतो. नोंद प्रत्यक्ष घडल्यापेक्षा जड वाटत असेल तर त्याच आठवड्यात, शांतपणे, लेखी हरकत घ्या. शिक्षा कमी करून घेण्यासाठी जेवढी शक्ती लावाल त्याच्या निम्मी जरी नोंदीची भाषा बरोबर करून घेण्यात लावलीत तरी जास्त उपयोग होतो, असं माझं मत आहे. तीन दिवसांचे दोन दिवस झाले याने कॉलेजला काही फरक पडत नाही.

मुलाची फाइल बघायचा हक्क तुम्हाला १९७४ च्या फर्पा कायद्याने दिलेला आहे. मागणी केल्यावर शाळेला ४५ दिवसांच्या आत ती दाखवावी लागते, आणि चुकीची किंवा दिशाभूल करणारी नोंद दुरुस्त करा अशी विनंतीही करता येते. हाच कायदा दोन बाबतींत आपल्या पालकांना चकित करतो. विद्यार्थी ज्या कॉलेजात जाऊ पाहतोय त्या कॉलेजला शाळा तुमच्या वेगळ्या परवानगीशिवायही माहिती देऊ शकते. आणि मूल अठरा वर्षांचं झालं की हे हक्क तुमच्याकडून त्याच्याकडे जातात. सीनिअर इयरमध्ये बरीच मुलं अठराची होतात, त्यामुळे मार्चमध्ये तुम्ही ज्या फाइलची मागणी करू शकत होता ती मेमध्ये कदाचित मुलाला स्वतःच्या सहीने मागावी लागेल. टॅक्समध्ये ते तुमच्यावर अवलंबून असेल तर शाळा तुम्हाला माहिती देऊ शकते, पण द्यायलाच हवी असं नाही.

एक गोष्ट एच-४ व्हिसावर असलेल्या मुलांच्या आईवडिलांसाठी, आणि ती कानामागे टाकू नका. शाळेतलं सस्पेन्शन ही शाळेची बाब आहे. पण पोलिस आले, अटक झाली किंवा कोर्टाची तारीख पडली की मामला बदलतो. गांजा तुमच्या राज्यात मोठ्यांसाठी कायदेशीर असला तरी फेडरल कायद्यात तो अजून बेकायदा आहे, आणि इमिग्रेशन हा फेडरल कारभार आहे. स्थानिक वकील 'हे मान्य करून टाका, छोटा दंड आहे, मिटेल' असं म्हणेल. नागरिक असलेल्या मुलासाठी तो सल्ला योग्यही असेल. तुम्ही मात्र इमिग्रेशनच्या वकिलाला विचारल्याशिवाय काहीही मान्य करू नका. पोलिस प्रश्न विचारायला लागले तर आईवडील आणि वकील येईपर्यंत गप्प राहण्याचा हक्क मुलाला आहे, हेही त्याला सांगून ठेवा.

लबाडी आणि व्हेप यांत फरक असतो

आपल्याकडे घरात व्हेप सापडलं तर रडारड होते आणि होमवर्क कॉपी केला तर 'सगळेच करतात' म्हणून सोडून देतात. कॉलेजं बरोबर उलट्या नजरेने बघतात. व्हेप ओढणं हे वाईट सवयीत जमा. पेपरमध्ये केलेली लबाडी ही त्यांच्या धंद्याच्या मुळावर येणारी गोष्ट. मुलगा ज्या वर्गात येऊन बसणार आहे त्या वर्गात तो दुसऱ्याचं काम स्वतःचं म्हणून देणार का, हा त्यांचा सरळ प्रश्न असतो.

एआयने हा प्रश्न पेटवलाय. मॅसॅच्युसेट्समधल्या हिंगम हायस्कूलची केस यासाठी वाचण्यासारखी आहे. तिथल्या एका विद्यार्थ्याने एपी अमेरिकन इतिहासाच्या प्रोजेक्टमध्ये एआयने लिहिलेला मजकूर वापरला. संदर्भांत अस्तित्वातच नसलेली पुस्तकं निघाली. प्रोजेक्टला कमी ग्रेड आणि एका शनिवारचं डिटेन्शन अशी शिक्षा झाली, नॅशनल ऑनर सोसायटीतला प्रवेशही तेव्हा अडला. मुलगा सीनिअर झाला, नामवंत कॉलेजांचे अर्ली अर्ज तोंडावर आले, आणि आईवडील कोर्टात गेले: ग्रेड सुधारा, नोंद पुसा. शाळेच्या हँडबुकात त्या वेळी एआयबद्दल स्पष्ट नियम नव्हता, हा त्यांचा मुख्य मुद्दा होता. नोव्हेंबर २०२४ मध्ये फेडरल न्यायाधीशांनी तातडीचा आदेश द्यायला नकार दिला. एआय वापरण्याबद्दल वेगळा नियम असो-नसो, दुसऱ्याने लिहिलेलं आपलं म्हणून देऊ नये हे विद्यार्थ्याला कळायला हवं, असा शाळेचा युक्तिवाद कोर्टाला ग्राह्य वाटला. एका शनिवारच्या डिटेन्शनची गोष्ट देशभरातल्या वर्तमानपत्रांत गेली. आईवडिलांची तळमळ मी समजू शकते, पण कोर्टात जाण्याने गोष्ट लहान होत नाही, मोठी होते, हे पाऊल उचलण्याआधी कुणीतरी सांगायला हवं.

नॅशनल ऑनर सोसायटीबद्दल एक वाक्य: तिथे 'चारित्र्य' हा चार निकषांपैकी एक आहे, त्यामुळे सस्पेन्शननंतर सदस्यत्व जाऊ शकतं, आणि मग अर्जातल्या सन्मानांच्या यादीत ते तसंच राहिलं तर ते खोटं ठरतं. टीमचं कॅप्टनपद, क्लबचं अध्यक्षपद यांचंही तेच. अर्ज पाठवण्याआधी ही यादी एकदा तपासा.

सगळ्याच शिक्षा काळ्या नसतात. फेब्रुवारी २०१८ मध्ये फ्लोरिडातल्या पार्कलंडच्या शाळेत गोळीबार झाला, त्यानंतर देशभरातली हायस्कूलची मुलं वर्ग सोडून निदर्शनं करायला निघाली. काही शाळांनी सस्पेंड करायची धमकी दिली. तेव्हा एमआयटी, येल यांच्यासह शेकडो कॉलेजांनी जाहीर केलं, की शांततेने केलेल्या निदर्शनाबद्दल शाळेने शिक्षा केली तर तिचा आमच्या निर्णयावर परिणाम होणार नाही. म्हणजे विचारलं तर 'हो' लिहायचं आणि कारण सांगायचं. ॲडमिशन ऑफिस शिक्षा किती दिवसांची हे मोजत बसत नाही; मूल तेव्हा काय करत होतं ते बघतं.

स्पष्टीकरण कसं लिहावं

'हो' लिहिल्यावर बहुतेक ठिकाणी स्पष्टीकरणाला जागा देतात. ते मुलानेच लिहायचं. तुम्ही नाही, वकिलाने नाही, तासाला भरमसाट पैसे घेणाऱ्या कन्सल्टंटने तर मुळीच नाही. पन्नाशीतल्या माणसाने लिहिलेला पश्चात्ताप दुसऱ्या ओळीत ओळखू येतो. आपण फक्त वाचायचं आणि जिथे पळवाट दिसेल तिथे बोट ठेवायचं.

नमुन्यादाखल दोन स्पष्टीकरणं घ्या. मूळ अर्थातच इंग्रजीत असतील. पहिलं असं: 'माझ्याकडे सापडलेलं व्हेप माझं नव्हतं, मित्राने धरायला दिलं होतं. आमच्या शाळेचं धोरण फार कडक आहे आणि मला सगळ्यांसमोर उदाहरण म्हणून वापरलं गेलं. तरीही या अनुभवातून मी नेतृत्वाचा खरा अर्थ शिकलो.' हे वाचून कुणाचंही मन द्रवत नाही. मित्रावर ढकललं, शाळेवर ढकललं आणि शेवटी स्वतःलाच पदक दिलं.

दुसरं: 'ऑक्टोबरमध्ये शाळेच्या बाथरूममध्ये मी व्हेप ओढत होतो आणि शिक्षकांनी पाहिलं. ते माझंच होतं. उन्हाळ्यापासून मी ते वापरत होतो. मला दोन दिवस सस्पेंड केलं आणि रोबोटिक्स टीमचं कॅप्टनपद काढून घेतलं. शाळेने सांगितलेला व्यसनमुक्तीचा कोर्स मी डिसेंबरात पूर्ण केला. कॅप्टन आता माझी मैत्रीण आहे. मी अजून टीममध्ये आहे, रोबोटचं वायरिंग माझ्याकडे असतं.' काय झालं, कुणाचं होतं, शिक्षा काय झाली, त्यानंतर मुलाने काय केलं. बस. शेवटच्या वाक्यातलं ते वायरिंग सगळ्यात जास्त काम करतं, कारण पद गेल्यावरही पोरगा टीम सोडून गेला नाही हे त्यातून आपोआप कळतं.

कॉमन ॲपमध्ये 'अधिक माहिती'साठीही एक जागा असते, पण कॉलेजने विचारलेलं नसेल तर तिथे शिक्षेचा विषय काढायचा का, हे काउन्सेलरशी बोलून ठरवा. शाळा स्वतः कळवणार असेल तर तुमची बाजू त्याआधी पोचलेली बरी. शाळा कळवणार नसेल, कॉलेज विचारत नसेल आणि घटना किरकोळ असेल, तर गप्प राहण्यात काहीही गैर नाही. मुख्य निबंध मात्र यात खर्च करू नका. साडेसहाशे शब्दांच्या निबंधात मुलाबद्दल सांगण्यासारखं दुसरं पुष्कळ असतं, आणि नसेल तर तो वेगळा प्रश्न आहे.

काउन्सेलरच्या पत्रात यावर दोन ओळी आल्या तर मुलाच्या दहा ओळींपेक्षा त्यांना वजन असतं. म्हणून काउन्सेलरशी भांडून बसू नका. रागाने लिहिलेला ईमेल रात्री ड्राफ्टमध्ये ठेवा आणि सकाळी पुन्हा वाचा.

प्रवेश मिळाल्यानंतर

डिसेंबरात अर्ली डिसिजनचं पत्र आलं किंवा १ मेपर्यंत डिपॉझिट भरलं, की घरात पेढे वाटले जातात आणि मुलाला वाटतं आता कोण बघतंय. बघतात. प्रवेशाचं पत्र शेवटपर्यंत वाचलंत तर त्यात अटी सापडतील: वर्ष नीट पूर्ण करणं, ग्रेड टिकवणं, आणि वागणुकीत असं काही न करणं ज्याने कॉलेजला पुन्हा विचार करावा लागेल. अर्ज पाठवताना मुलाने सही करून हेही कबूल केलेलं असतं, की माहिती खोटी निघाली तर प्रवेश काय, पुढे मिळालेली डिग्रीसुद्धा काढून घेतली जाऊ शकते.

२०१७ मध्ये हार्वर्डने प्रवेश दिलेल्या किमान दहा विद्यार्थ्यांचे प्रवेश परत घेतले. त्यांनी एका खासगी फेसबुक ग्रुपमध्ये लैंगिक अत्याचारावर आणि वंशावर घाणेरडी मीम टाकली होती, आणि 'द हार्वर्ड क्रिमसन' या विद्यार्थ्यांच्याच वर्तमानपत्राने ती बातमी फोडली. त्यात शाळेने शिक्षा केल्याचा प्रश्नच नव्हता. मुलं हल्ली अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा दाखला देतात, आणि २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने स्नॅपचॅटवर शिवीगाळ केलेल्या पेनसिल्व्हेनियातल्या एका चीअरलीडरच्या बाजूने निकाल दिला हेही खरं. पण तो निकाल पब्लिक स्कूलने शाळेबाहेरच्या बोलण्यावर केलेल्या कारवाईबद्दल होता. खासगी कॉलेज त्याने बांधलेलं नाही.

हार्वर्डच्या प्रकरणाच्याच वर्षी, २०१७ च्या उन्हाळ्यात, कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या (यूसीच्या) अर्व्हाइन कॅम्पसने जवळजवळ पाचशे प्रवेश रद्द केले, काहींचे सीनिअर इयरच्या ग्रेडमुळे आणि बऱ्याच जणांचे ट्रान्सक्रिप्ट वेळेत न पोचल्यामुळे. गदारोळ झाला आणि नुसत्या कागदपत्रांमुळे गेलेले प्रवेश विद्यापीठाने परत दिले. ग्रेडमुळे गेलेल्यांना मात्र आपली बाजू वेगळी मांडावी लागली. सस्पेन्शनच्या बाबतीत हे लक्षात ठेवायचं, कारण दहा दिवस घरी बसलेल्या मुलाच्या टेस्ट बुडतात, आणि शिक्षेपेक्षा एखाद्या विषयातला डी जास्त नुकसान करतो. यूसीला शेवटच्या वर्षी प्रत्येक नेमलेल्या विषयात किमान सी लागतो आणि शेवटचं ट्रान्सक्रिप्ट १ जुलैपर्यंत. सस्पेन्शन सुरू झालं त्याच दिवशी प्रत्येक शिक्षकाला लिहून काम मागवून घ्या.

मे-जूनमध्ये सीनिअर प्रँकच्या नावाखाली शाळेचं नुकसान झालं किंवा शेवटच्या पेपरात काही निघालं, तर फायनल रिपोर्ट जायची वाट बघू नका. काउन्सेलरशी बोलून, दोन-तीन दिवसांत, मुलाने ॲडमिशन ऑफिसला स्वतः ईमेल लिहावा: घटना, शिक्षा, पुढे काय करतोय, आणि तुम्हाला काही विचारायचं असल्यास मी उपलब्ध आहे. कधी कधी उत्तरात फक्त 'कळवल्याबद्दल आभार' येतं. कधी प्रोबेशनवर प्रवेश देतात, एखादं कॉलेज वर्षभर थांबायला सांगतं. ईमेल पाठवल्यावर तुम्ही मागून वेगळा फोन करू नका. अठरा वर्षांच्या विद्यार्थ्याऐवजी त्याची आई बोलतेय हे त्यांना आवडत नाही.

या आठवड्यांत मुलाकडेही लक्ष असू द्या. आपल्या घरांत कॉलेज हा इतका मोठा विषय झालेला असतो, की 'तू आमचं नाव घालवलंस' एवढं एक वाक्य त्याला खोलीत कोंडून घ्यायला पुरतं. आजी-आजोबांना पुण्यात लगेच फोन करून सांगायची गरज नाही. मूल खाईना, झोपेना, बोलेना झालं, किंवा जगण्याबद्दल निराश बोलायला लागलं, तर त्याला एकटं सोडू नका. ९८८ या संकटकाळच्या हेल्पलाइनवर दिवसरात्र कधीही फोन किंवा मेसेज करता येतो, पालकांनाही.

आणि सगळं करूनही प्रवेश गेलाच, तर पत्रात अपिलाची सोय आणि मुदत आहे का ते आधी बघा, कारण ती मुदत फार थोडी असू शकते. ज्या कॉलेजांना नाही म्हटलं होतं त्यांतल्या एखाद्याला जागा आहे का विचारायलाही हरकत नाही. लाज वाटण्यासारखं त्यात काही नाही. कम्युनिटी कॉलेजला नाकं मुरडण्याची आपल्याकडे पद्धत आहे, ती सोडा. कॅलिफोर्नियात कम्युनिटी कॉलेजात ठरलेले विषय आणि ग्रेड पूर्ण केले तर डेव्हिस, अर्व्हाइन, सँटा बार्बरा यांच्यासह यूसीच्या सहा कॅम्पसांवर ट्रान्सफरची हमी मिळू शकते, मात्र एका वेळी एकाच कॅम्पससाठी. पुढे कॉमन ॲपवरून ट्रान्सफर घ्यायची झाली, तर बरीच कॉलेजं तेव्हाच्या कॉलेजकडून एक रिपोर्ट भरून मागतात, आणि त्यात तिथल्या शिस्तीची नोंदही विचारलेली असते. तो कुणाकडून भरून घ्यायचा, रजिस्ट्रारकडून की डीनच्या ऑफिसातून, हे पहिल्याच सेमिस्टरमध्ये विचारून ठेवायला सांगा.